देवावर सोडलंय

त्या वस्तीत उतारवयाकडे झुकलेली जी माणसं मोकळेपणी हसायची, त्यांतली बरीचशी कवळीमामांच्या दातांनी हसायची. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे बसून मामा कवळ्या बनवत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आत पाठवत आणि पुढचं सगळं, म्हणजे प्लास्टरचा जबडा ओतणं, मेणात एकेक दात बसवणं, साच्यात शिजवणं, चाकावर घासून चकचकीत करणं, हे मामांचं काम. भिंतीवरच्या फळीवर पांढऱ्या जबड्यांची रांग मांडलेली असे. नवखा माणूस आत शिरला की दचकायचा. मामा मान वर न करता म्हणायचे, "या, या. चावत नाहीत. सगळी आपलीच माणसं आहेत."

गप्पा मारण्यात मोठे पटाईत. "मी निवडणुकीला उभा राहिलो तर माझ्याविरुद्ध तोंड कोण उघडणार? तोंडातला माल माझाच," असं म्हणून स्वतःच हसायचे. पण कामात चेष्टा नाही. पुढचे दात ते मुद्दाम किंचित तिरके लावत. अगदी सरळ रांगेत लावले की माणूस दुसऱ्याचं तोंड घालून आल्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मेणात दात टोचताना त्यांचा श्वाससुद्धा थांबलेला असे.

अशा माणसाला आपल्याच हातांची भीती वाटत होती, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

भीती घरातून आलेली होती. मामांचे वडील सुतार. चाळिशी उलटल्यावर त्यांचे हातपाय आपोआप हलायला लागले. आधी बोटं, मग खांदे, मग सगळं अंग. चालताना झोकांड्या जात. लोक म्हणायचे, सकाळीच लावून आलाय. त्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. पुढे गिळता येईना, बोललेलं कळेना, स्वभाव तर असा बिघडला की घरातल्यांनी जवळ जायला भ्यावं. मामा तेव्हा विशीत होते. वडील गेले तेव्हा त्यांना रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज त्यांना कायम राहिली.

आजाराला नाव मिळालं ते फार नंतर, ताईच्या वेळी. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करायची, आणि रविवारी चर्चमध्ये मंडळीच्या गायनात तिचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. तिच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. हा आजार रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी भीती, निम्मी आशा. औषध नाही. रक्ताची चाचणी केली तर आजार अंगात आहे की नाही एवढं आधीच कळतं. मग ते मामांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला करून घ्यायची आहे का?"

मामांच्या तोंडातून शांतपणे निघालं, "नको डॉक्टर. देवावर सोडलंय."

ते वाक्य त्यांना चिकटलं ते चिकटलंच. मंडळीत कुणी विचारलं की तेच उत्तर. पाळकसाहेबांनी तर एका उपदेशात व्यासपीठावरून त्यांचा दाखला दिला. आपल्यात एक माणूस आहे, म्हणाले, ज्याच्या दाराशी संकट उभं आहे आणि तरी तो निश्चिंत झोपतो. मामांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय. खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. रोज सकाळी दाढी झाल्यावर मामा आरशापुढे दोन्ही हात लांब करून उभे राहत आणि बोटांकडे डोळ्यांत तेल घालून बघत. दाराच्या फटीतून तिने कितीदा पाहिलं होतं. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. संसार असाच चालला होता, एका खोलीत भीती झाकून ठेवायची आणि बाकीच्या खोल्यांत वावरायचं.

ताईला त्यांनी आपल्या घरी आणलं. ती भिंतीवर आपटू नये म्हणून खोलीत चहूबाजूंनी गाद्या लावल्या. सुरुवातीच्या दिवसांत, ती अजून नीट बोलत होती तेव्हा, एकदा ती रडताना दिसली म्हणून मामा म्हणाले, "ताई, भिऊ नकोस. देवावर विश्वास ठेव."

ती चिडली. "भिऊ नकोस काय? भीती वाटते म्हणून तर त्याला धरून बसलेय. नसती वाटली तर कशाला धरलं असतं? आणि येशूला पकडून नेलं त्या रात्री बागेत त्याला काय कमी भीती वाटली होती? घाम फुटला होता त्याला."

मामांना ते बोलणं आवडलं नाही. विश्वास असला की भीती जाते, असंच ते लहानपणापासून समजत आले होते, आणि आपली भीती जात नाही म्हणजे आपल्यात काहीतरी खोट आहे, हेही.

पुढे ताईचे दात काढावे लागले. तिने हट्ट धरला, मला कवळी कर, मला गायचंय. मामांनी तिचं डोकं आपल्या छातीशी घट्ट धरलं आणि डॉक्टरांनी कसंबसं माप घेतलं. दोनदा फसलं, मग जमलं. त्या कवळीवर मामांनी जेवढा जीव ओतला तेवढा कशावर ओतला नव्हता. ती लावून ताई एका रविवारी उपासनेला गेली, मागच्या बाकावर बसून गायली. शब्द कुणाला कळले नाहीत. परत आल्यावर जिभेच्या हिसक्याने कवळी घशाकडे सरकली आणि ताई काळीनिळी पडली. मामांनी बोटं घालून कवळी बाहेर काढली. त्यानंतर ती पुन्हा तिच्या तोंडात गेली नाही.

मामांची एकुलती एक लेक शाळेत विज्ञान शिकवायची. आत्याला भरवायचं काम संध्याकाळी तिच्याकडे असे. तिचं लग्न ठरलं, मुलगा चांगला होता, मंडळीतलाच. ठरल्यावर थोड्याच दिवसांत एका दुपारी ती दवाखान्यामागच्या खोलीत आली. मामा चाकावर कवळी घासत होते. ती म्हणाली, "बाबा, चाक बंद करा ना जरा."

त्यांनी बंद केलं.

"मी चाचणी करायचं ठरवलंय."

मामांनी हातातली कवळी खाली ठेवली. "कशाला? काय झालंय तुला?"

"काही नाही झालं. पण लग्न करायचं तर त्याला खरं काय ते सांगायला हवं. मुलं व्हायची असली तर कळायला हवं."

"देवावर सोड ना, बाळा."

तिने फळीवरच्या जबड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, रागावू नका. तुमच्यात नसेल तर माझ्यात असूच शकत नाही. तुम्ही केली असती तर मला करावीच लागली नसती कदाचित. आणि मी केली आणि निघालं, तर तुमचंही कळणारच आहे. मग आधी तुम्ही का नाही?"

मामांना तोंडात मारल्यासारखं झालं. ती गेल्यावर त्यांनी चाक सुरू केलं आणि पुन्हा बंद केलं. इतकी वर्षं आपण देवावर काय सोडलं, याचा त्यांनी पहिल्यांदा विचार केला. काहीच सोडलं नव्हतं. सगळं मुठीत आवळून धरलं होतं आणि मूठ पाठीमागे लपवली होती. देवाचं नाव पुढे केलं की कुणी जास्त विचारत नाही, एवढंच. आणि त्यात लेकीला तेवढी वर्षं अंधारात ठेवलं. त्या दुपारी ते तिथेच, प्लास्टर सांडलेल्या स्टुलावर बसून म्हणाले, "प्रभू, मला येत नाही रे तुझ्यावर सोपवायला. मी जातो चाचणीला. तू बरोबर चल."

रक्त दिल्यावर रिपोर्टसाठी काही आठवडे थांबायचं होतं. मंडळीने प्रार्थना केल्या. पाळकसाहेब घरी येऊन गेले. मामांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "विश्वास ठेवा, रिपोर्ट चांगलाच येणार." मामांनाही वाटायला लागलं, येईल चांगला. मध्ये एक आठवडा तर असा गेला की ते कामावर शीळ घालायला लागले.

रिपोर्ट सांगायला एक तरुण बाई डॉक्टर होत्या. बायकोने येते म्हटलं, लेकीनेही, पण आत मामा एकटेच गेले. डॉक्टरांनी विचारलं, "ऐकायचं आहे ना तुम्हाला? अजूनही नको म्हणू शकता."

"सांगा."

डॉक्टरांनी टेबलावरचा डोळे पुसायच्या कागदांचा डबा हळूच त्यांच्या बाजूला सरकवला. तेवढ्यानेच मामांना कळलं. पुढे त्या बोलत होत्या आणि मामा सवयीने त्यांच्या दातांकडे बघत होते. पुढचा एक दात कोपऱ्यात किंचित तुटलेला होता. ते तेवढंच बघत राहिले.

"सुरुवात झालीच आहे का, डॉक्टर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुमचे पाय बघा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

मामांनी खाली पाहिलं. चपलेत बोटं नाचत होती. हातांवर पहारा ठेवला आणि आजार पायांकडून शिरला.

बाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून बायको उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लेक म्हणाली, "चला बाबा, घरी जाऊ."

घरी गेल्यावर ते आधी ताईच्या खोलीत गेले. ताई आता पडूनच असे. अंग सतत हलत असे आणि शब्द क्वचितच यायचा. मामा गादीवर तिच्याशेजारी बसले. काही सांगितलं नाही, पण तिला समजलं असावं. तिने तोंड वेडंवाकडं करत, फार कष्टाने विचारलं, "मा-झं?"

"हो ताई. तुझंच. बाबांचंच."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिचा हात उडत उडत त्यांच्या गुडघ्यावर पडला, घसरला, पुन्हा पडला. मामांनी तो धरला. "ताई, मला फार भीती वाटते गं," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारलं. ताई "हं" म्हणाली. बाहेर बायको भांडी आपटत होती.

हिवाळ्यात ताई गेली. सूप श्वासनळीत गेलं, ताप चढला, छाती भरली. दफनाच्या वेळी तिचं शरीर एकदाचं स्थिर होतं. कितीतरी वर्षांनी मामांना बहिणीचा चेहरा नीट बघायला मिळाला. मातीवर माती पडत होती आणि त्यांच्या मनात काही पवित्र विचार येत नव्हते. माझ्या वेळी मला कोण भरवेल, एवढाच विचार येत होता.

पाळकसाहेब नंतर एकदा आले, बसले, चहाचा कप हातात तसाच धरून राहिले. शेवटी म्हणाले, "मी चांगला रिपोर्ट येईल म्हणालो होतो. मला तसं म्हणायला नको होतं. आता काय बोलावं ते मला सुचत नाही."

"नका बोलू," मामा म्हणाले. "बसा."

ते बसले. दर आठवड्याला येऊन बसायला लागले. मामांना त्यांची प्रार्थना पूर्वीपेक्षा जास्त पटायला लागली, कारण ती आता लहान झाली होती.

लेकीने त्या मुलाला सगळं सांगितलं होतं. मुलगा रडला, मला काही फरक पडत नाही म्हणाला. मग म्हणाला, घरच्यांशी बोलायला थोडा वेळ दे. तो वेळ लांबत गेला. तो रविवारी दुसऱ्या बाजूच्या बाकांवर बसायला लागला, मग दिसेनासा झाला. त्याला वाईट म्हणावं असं त्याने काही केलं नव्हतं. मामांनी लेकीपुढे त्याचं नाव काढणं सोडून दिलं.

कामही सुटलं. दाताच्या डॉक्टरांनी फार सांभाळून घेतलं. पण एक म्हातारी परत आली, म्हणाली, कवळी हिरडीला टोचते. मग दुसरा आला. डॉक्टरांनी मामांना बोलावलं आणि दोन्ही कवळ्या टेबलावर ठेवल्या. मामांनी उचलून उजेडात धरल्या. चूक आंधळ्यालाही दिसली असती. "उद्यापासून येत नाही," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "मामा, नुसते येऊन बसत जा." मामांनी हसून मान हलवली, पण नुसतं बसायला ते कधी गेले नाहीत. नव्या माणसाने फळीवरचे जबडे पोत्यात भरून टाकले, असं त्यांना पुढे कळलं.

मग वसंतात लेकीने चाचणी केली. मामांनी अडवलं होतं. "आता लग्नाचंही काही नाही, मग कशाला?" तिने सांगितलं, "न कळता रोज बोटांकडे बघत जगायचं नाहीये मला." तिलाही माहीत होतं म्हणजे. त्या घरात दाराच्या फटीतून सगळ्यांनीच बघितलं होतं.

रिपोर्टच्या दिवशी मामा तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेले. चालताना आता ते झोकांडत, लोक वळून बघत. बाकावर बसल्यावर त्यांनी जीव एकवटून प्रार्थना केली. पूर्वी ते देवाशी मान देऊन, पुस्तकी शब्दांत बोलत. आता तसलं काही उरलं नव्हतं. माझं सगळं घे, म्हणाले, बोलणं घे, गिळणं घे, वडिलांसारखा वेडापिसा कर मला, पण हिला सोड. एवढंच कर. दुसरं काही मागणार नाही.

लेक आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने तो कागदांचा डबाच हातात आणला होता, बहुधा नकळत. तिने नुसती मान हलवली. तिच्यातही होतं.

बसमधून दोघं घरी निघाले. खिडकीतून दुकानं, शाळा, इस्त्रीवाला, सगळं जागच्या जागी होतं. मामांना देवाचा राग आला होता, इतका की त्यांनाच त्याची धास्ती वाटली. पण त्या रागातसुद्धा ते त्याच्याशीच बोलत होते. दुसरं कुणी नव्हतंच बोलायला. का, म्हणून विचारायचं तरी कुणाला, तर त्यालाच. उत्तर आलं नाही. एखादं वचन आठवलं नाही, मनाला शांती वाटली नाही. बसच्या हिसक्यांबरोबर त्यांचं अंग हलत होतं आणि लेकीने त्यांच्या दंडाला धरून ठेवलं होतं, पडू नयेत म्हणून.

त्या घरात जेवणाआधी प्रार्थना व्हायची आणि ती मामाच करत. बायकोने ताटं वाढली. तिघं बसले. कुणी सुरुवात करेना. बायको अन्नाकडे बघत बसली होती. ताई गेल्यापासून तिने उपासनेला जाणं सोडलं होतं, आणि मामांनी कधी आग्रह केला नव्हता.

"बाबा, करा ना," लेक म्हणाली.

"मला आज येत नाही."

"येईल तशी करा."

मामांनी डोळे मिटले. जीभ आता जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत. "प्रभू," ते म्हणाले, आणि थांबले. "आम्हाला फार भीती वाटते. तू टाळलं नाहीस. का नाही टाळलंस, मला कळत नाही. तुला सोडून जावं म्हटलं तर जायला जागा नाही. आम्ही इथेच आहोत. तूही इथेच राहा. आमेन."

लेक आमेन म्हणाली. बायको म्हणाली नाही. तिने मामांचा भात कालवला, घास त्यांच्या तोंडाशी धरला, आणि हळूहळू चावा म्हणाली.

त्यानंतर काही वर्षं मामा जगले. ती वर्षं चांगली गेली असं म्हणता येणार नाही. स्वभाव बिघडला, मध्ये मध्ये ते बायकोवर ओरडत आणि नंतर त्यांना आठवत नसे. गाद्यांची खोली पुन्हा लावली गेली. लेकीने नोकरी सोडली नाही, आणि लग्नही केलं नाही. ती सकाळी निघताना त्यांच्या कपाळावर हात ठेवून जायची, आणि तिचा हात अजून स्थिर आहे ना, हे मामा डोळे मिटून चाचपायचे. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं कुणालाच कळेनासं झालं. पाळकसाहेब येऊन बसत तेव्हा मामांच्या तोंडून काहीतरी पुटपुटणं चालू असे. बायको म्हणायची, ते भांडतायत. लेक म्हणायची, ते प्रार्थना करतायत. पाळकसाहेबांनी दोघींचंही म्हणणं कधी खोडलं नाही.